एका तासाच्या मॅडम

९ जानेवारी

निवृत्त होऊन वर्षही झालं नाही आणि मी पुन्हा नोकरीला लागले. तीही संरक्षण मंत्रालयात, टेबलखुर्चीची. जिने उभा जन्म लष्करी रुग्णालयांत माणसं फाडली आणि शिवली, तिने आता मंत्रालयाची वर्षभराची उद्दिष्टं ठरवायची. मास्तर म्हणाले, "म्हणजे आता सरकारचं पोट उघडणार तू." मास्तर म्हणजे माझे यजमान. शाळेत गणित शिकवायचे, आता घरी बसून मला शिकवतात.

हे काम दिलं भूलवाल्याने. मंत्रालयात तो आता बडा अतिरिक्त सचिव आहे, पण माझ्यासाठी भूलवालाच. सीमेवरच्या तंबूतल्या रुग्णालयात तो भूल द्यायचा आणि मी कापायचे. तो नुसती मान हलवायचा, की मी सुरी लावायचे. रोगी खरंच झोपलाय का, असं एकदाही विचारलं नाही. पुढे त्याने गणवेश उतरवला आणि कारभारात शिरला. काल फोनवर म्हणाला, "इथे सगळी कागदी माणसं आहेत. मला रक्त पाहिलेलं माणूस हवंय." मी विरघळले. विरघळायला फार लागत नाही मला.

२१ जानेवारी

पहिली बैठक. प्रत्येक विभागाने आपापली उद्दिष्टं आणली होती. एकाचं म्हणणं, वर्षभरात चाळीस कार्यशाळा घेऊ. दुसऱ्याचं, सगळ्या गाड्यांना नवा रंग देऊ. मी विचारलं, "गाड्या चालतात का?" तर म्हणे, "तो वेगळा विभाग आहे, मॅडम." बुटांच्या खात्याने किती जोड वाटले ते सांगितलं. पायात बसतात का, ते विचारल्यावर खातं माझ्याकडे असं बघायला लागलं, जणू मीच बूट चोरले.

शेवटी माझी पाळी आली. मी एकच वाक्य वाचलं: जखमी झालेला प्रत्येक सैनिक एका तासाच्या आत शल्यचिकित्सकाच्या टेबलावर पोचला पाहिजे. सध्या किती जण पोचतात, असं मी विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत आहे. उशिरा आलेल्यांना मीच उघडलंय. तासाभरात आला तर शिवता येतो, उशिरा आला तर कापावा लागतो, फार उशिरा आला तर नुसता झाकावा लागतो.

भूलवाला टेबलावर थाप मारून म्हणाला, "हे आपलं पहिलं उद्दिष्ट. बाकी सगळी याच्या मागे."

घरी येऊन मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "'प्रत्येक' हा शब्द सांभाळ. अपूर्णांकात वरच्या आकड्यावर सगळ्यांचा डोळा असतो, चोरी खालच्या आकड्याची होते." मी म्हटलं, तुम्हाला जेवतानाही अपूर्णांकच दिसतात.

६ फेब्रुवारी

मसुदा पक्का होऊन आला. माझ्या वाक्यात थोडा बदल आहे. 'जखमी झालेला प्रत्येक सैनिक'च्या जागी 'हेलिकॉप्टरने हलवलेला प्रत्येक जखमी सैनिक' असं झालंय. भूलवाल्याला विचारलं. तो हसला. "अगं, तासात पोचायचं म्हणजे हेलिकॉप्टरनेच ना? चालत थोडाच येणार आहे? अर्थखात्याला मोजता येईल अशी भाषा लागते." पटलं. सही केली.

"तुझंच नाव वर राहू दे," तो म्हणाला. "कल्पना तुझी आहे. मी आपला मागे बरा." इतक्या मोठ्या पदावरचा माणूस असं म्हणतो! दुसऱ्याचं श्रेय ढापणारेच जास्त पाहिलेत मी. दिवसभर उगाचच खूश होते. या वयात हे बरं नव्हे.

१४ मार्च

चौक्याचौक्यांत भित्तिपत्रकं लागली. वर 'एक तास. आम्ही येऊच.' आणि खाली माझा फोटो, घाबरलेल्या घुबडासारखा.

भिंगरी सुट्टीवर आली आहे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई गेली तेव्हा ही शाळेत होती, त्यानंतर आमच्याकडेच वाढली. एका जागी कधी बसली नाही म्हणून भिंगरी, आणि आता खरोखरच फिरत्या पात्यांखाली बसते. उत्तरेकडच्या तळावर जखमींना आणणारं हेलिकॉप्टर चालवते. दारातच तिने मला मिठी मारली. "मावशी, तुझा फोटो आमच्या भटारखान्याच्या दारावर लावलाय."

"तिथे कशाला?"

"तिथेच सगळे न चुकता जातात."

जेवताना म्हणाली, मंत्रालयातून पहिल्यांदाच काहीतरी कामाचं आलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडी आवरायला उठले, डोळे दिसू नयेत म्हणून.

२ जून

पहिले आकडे आले. शंभरातले ऐंशी तासाच्या आत! मला साठाचीही आशा नव्हती. भूलवाला स्वतः माझ्या खोलीत आला आणि हात हातात घेऊन म्हणाला, "आपण दोघं पुन्हा एका टेबलापाशी."

संध्याकाळी भिंगरीचा फोन. आकडा सांगितला तर तिचा आवाज काही चढला नाही. म्हणाली, "हल्ली उड्डाणंच कमी झालीत, मावशी. आम्ही पत्ते कुटत बसतो."

"चांगलंच आहे की. कोणी जखमी होत नाही म्हणजे."

"तसं नाही गं..." आणि थांबली. मग म्हणाली, तळाबद्दल काही सांगायचंय.

मी तिला अडवलं. म्हटलं, कामाचं काही असेल तर सरळ भूलवाल्याला भेट, तो आपला माणूस आहे. मावशीच्या स्वयंपाकघरातून भाची कामं करून घेते, असं कोणी म्हणायला नको. ती "बरं" म्हणाली. मन मोडलं असेल तिचं, पण नियम तो नियम. मला त्याचं समाधान वाटलं, हेही लिहून ठेवते.

२७ जुलै

आकडा नव्वदीपार. मंत्र्यांनी सभागृहात उल्लेख केला. भूलवाला लवकरच सचिव होणार, अशी कुजबुज आहे. व्हावा. त्याच्याइतका सरळ माणूस त्या इमारतीत नाही.

भिंगरीचा फोन नाही. मी केला तर म्हणते, "ड्यूटीवर आहे," आणि ठेवते. मागच्या आठवड्यात चक्क "हो, मॅडम" म्हणाली. मी हसले, ती हसली नाही. कोणीतरी मुलगा असावा, बोलायला लाजत असेल. मास्तर म्हणाले, "मला तसं वाटत नाही." मग विचारलं, "उड्डाणं कमी आणि यश जास्त. एकूण जखमी किती झाले?"

"ते दुसऱ्या विभागाकडे असतं," मी म्हटलं. बोलून गेल्यावर वाटलं, हे वाक्य मी कुठेतरी ऐकलंय.

११ सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

भूलवाल्याला वर्षअखेरीसाठी एक फिल्म करून हवी होती. तासाभरात पोचलेले आणि वाचलेले दोनतीन जवान त्यात बोलणार होते. त्यांची निवड करायला मी लष्करी रुग्णालयात गेले. जुन्या मेट्रनने चहाला बोलावलं. तिच्या खोलीकडे जाताना वाटेत दुसरा वॉर्ड लागला. कडेच्या खाटेवर तिशीचा एक रेडिओ ऑपरेटर होता. डावा पाय गुडघ्याच्या वर संपलेला.

त्याने मला ओळखलं. कोपरावर उठून सलाम करायला लागला.

"तुम्हीच ना त्या एका तासाच्या मॅडम? आमच्या चौकीत तुमचा कागद लावलाय."

मी त्याला झोपवलं आणि काय झालं ते विचारलं. दरड कोसळून पाय दगडाखाली सापडला होता. सोबत्याने मांडीला पट्टा आवळला. "मी म्हटलं, एक तासच काढायचाय. तेवढा काढू की. डोळे मिटून तुमचं ते वाक्य म्हणत बसलो होतो, आम्ही येऊच, आम्ही येऊच."

"मग हेलिकॉप्टर किती वेळाने आलं?"

"आलंच नाही ना, मॅडम." आवाजात तक्रार नव्हती. "निरोप आला, अंतर लांब आहे, तासात बसत नाही, ट्रकने पाठवा. सकाळी दरड पडली होती, इथे आलो तेव्हा दिवे लागले होते. माझ्याबरोबर आणखी एक होता. तो वाटेतच गेला."

मी पांघरूण बाजूला केलं. टाके सुरेख होते. कापणाऱ्याची काही चूक नव्हती. दिवसभर पट्टा आवळलेला पाय त्याच्यापुढे आला होता, तो तरी काय करणार.

माझा चेहरा बघून तो मलाच समजवायला लागला. "हवामान खराब असेल, मॅडम. म्हणजे आमच्याकडे आभाळ स्वच्छ होतं, पण वरचं आपल्याला काय कळतं?"

मेट्रनचा चहा प्यायले नाही. सरळ घरी आले.

१२ सप्टेंबर

आज 'दुसऱ्या विभागा'कडे स्वतः गेले. रस्त्याने आलेल्या जखमींची माहिती मागितली. त्यांनी लगेच दिली. लपवलेली नव्हतीच. कोणी मागितली नव्हती, इतकंच.

तळप्रमुखांच्या बढत्या माझ्या उद्दिष्टाला जोडल्या आहेत. तेव्हा जवळचा जखमी असेल तरच हेलिकॉप्टर उडतं. लांबचा असला आणि तास चुकण्याची भीती असली, की त्याला ट्रकवर घालतात. तो हेलिकॉप्टरने हललाच नाही, म्हणजे मोजायचा प्रश्न नाही. सगळ्यांना धरून मोजलं तर शंभरातले चाळीसही तासात येत नाहीत. उद्दिष्ट ठरण्याआधी लांबच्यांसाठी निदान उडत तरी होते.

मास्तरांनी कागद वाचला. "खालचा आकडा छाटलाय," एवढंच म्हणाले. मी बोललो होतो, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

भूलवाल्याला हे ठाऊक नसणार. त्याला सांगितल्यावर तोही हादरेल. 'हेलिकॉप्टरने हलवलेला' हे दोन शब्द काढायचे आहेत, बस.

१५ सप्टेंबर

त्याला ठाऊक होतं.

त्याने स्वतः उठून कॉफी ओतली. "तू त्या वॉर्डात गेलीस, ते कळलं मला."

"तुला माहीत होतं का?"

"आधी बस."

"माहीत होतं?"

"फेब्रुवारीपासून." नजरही खाली गेली नाही. "निम्मी हेलिकॉप्टरं जमिनीवर पडून आहेत आपली. तुझा 'प्रत्येक' तसाच ठेवला असता तर आकडा चाळिशीत अडकला असता. पडलेल्या आकड्यापुढे कोणी हात सैल सोडत नाही. चढत्या आकड्याकडे बघून मंत्र्यांनी पुढच्या वर्षी नवीन हेलिकॉप्टरं मंजूर केलीत. किती जीव वाचतील, विचार कर."

"आणि या वर्षीचे?"

"तू नाही का पाय कापायचीस, बाकीचा माणूस वाचवायला?"

"माणसाला विचारून कापायचे. आणि कापल्यावर पाय शाबूत आहे असं लिहून देत नव्हते."

त्याने कॉफीचा कप माझ्याकडे सरकवला. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर सही केली असतीस?"

म्हणजे यासाठी हवं होतं त्याला रक्त पाहिलेलं माणूस. त्याच्या आकड्याखाली माझी सही असली की कोणी शंका घेणार नव्हतं. मीही घेतली नाही.

मी उठले तेव्हा, मला शांत करावं म्हणून असेल, तो म्हणाला, "तुझी भाची आली होती जूनमध्ये. गुणी पोर आहे. मी समजावलं तिला."

"काय समजावलंस?"

"की मावशीला सगळं ठाऊक आहे, तिच्याच विचाराने चाललंय. मग बिचारी निघून गेली."

कॉफी तशीच ठेवून मी निघून आले. आता बसून तंबूतली ती माणसं आठवतेय, एकेक करून. त्याने मान हलवली की मी सुरी लावायचे. झोपलेले होते ना सगळे?

१६ सप्टेंबर

भिंगरी फोन उचलत नाही.

२० सप्टेंबर

तळावरच गेले. ती हेलिकॉप्टरपाशी उभी राहून काहीतरी तपासत होती. मला बघून हात पुसले, पण पुढे आली नाही.

"मला माहीत नव्हतं, भिंगरी. तो खोटं बोलला तुझ्याशी."

तिने फडक्याची घडी घातली. "मावशी, रेडिओवर त्यांचे आवाज येतात. विचारतात, निघालात का? माझं इंजिन तयार असतं आणि मला सांगायला लावतात, थांबा, कळवतो. मी परवानगी मागून मागून दमले. शेवटी आमचे प्रमुख म्हणाले, तुझ्याच मावशीचा हुकूम आहे, तिलाच विचार."

"मग मला का नाही विचारलंस?"

"विचारत होते की. फोनवर. तू म्हणालीस, त्यांच्याकडे जा."

मी तिच्या हातातलं फडकं घ्यायला गेले, तिने दिलं नाही.

"त्यांनी फसवलं हे खरं," ती म्हणाली. "पण मला त्यांच्या दारात तू पाठवलंस." आणि मग, लहानपणी ताप आल्यावर बोलायची तशा आवाजात, "तुला हे चालतंय असं मला वाटलं गं. तीन महिने मी तुझ्या फोटोसमोरून जेवायला जात होते."

निघताना तिने मला फाटकापर्यंत सोडलं. मिठी मारली नाही.

९ ऑक्टोबर

संसदेच्या समितीपुढे वर्षाच्या उद्दिष्टांची सुनावणी. मी सगळ्या जखमींचा आकडा घेऊन गेले होते. आदल्या दिवशी भूलवाल्याला तसं सांगितलंही होतं. मागून वार करायचा नव्हता. तो "तुझी मर्जी" म्हणाला. मला वाटलं, निदान गप्प बसेल.

मी आकडा वाचला. कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. तेवढ्यात शेजारून भूलवाला माइककडे झुकला आणि अगदी हळव्या आवाजात म्हणाला, "मॅडमबद्दल मला आदर आहे. ही व्याख्या त्यांचीच, सहीही त्यांची. मी त्या वेळी शब्दांबद्दल शंका काढली होती. पण त्यांच्या अनुभवापुढे मी कोण?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता. शांतपणे कागद सरळ करत होता.

"सही तुमची आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"हो."

"वाचून केली होती?"

"हो."

"मग?"

"मला अर्थ कळला नव्हता."

मागे कोणीतरी हसलं. हसण्यासारखंच होतं. मी म्हटलं, माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा, पण हा आकडा नोंदवून घ्या आणि 'हेलिकॉप्टरने हलवलेला' हे दोन शब्द काढून टाका. अध्यक्षबाईंनी नोंदवून घेतला. मग विचारलं, आणखी काही सांगायचंय? रेडिओ ऑपरेटरबद्दल सांगितलं. 'आम्ही येऊच'पर्यंतच सांगता आलं.

बाहेर व्हरांड्यात भूलवाला म्हणाला, "मनात ठेवू नकोस. एकाला पडायलाच हवं होतं, आणि तुला आता पुढे कुठे जायचंय?"

३० ऑक्टोबर

नेमणूक रद्द झाल्याचं पत्र आलं. वर्तमानपत्रांत मी 'एका तासाच्या मॅडम' आहे, पण आता टोमण्याने. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला माणूस, जो नेहमी डॉक्टरबाई म्हणायचा, आज नुसता "काय हवंय?" म्हणाला. मास्तर संतापून समितीला पत्र लिहायला बसले. चार ओळी लिहून फाडलं. मग मला म्हणाले, "चल, फिरून येऊ." फार दूर गेलो.

सगळ्यात वाईट हे, की राग धड येत नाही. त्याचा विचार आला की आधी ती तंबूतली सकाळच आठवते. आम्ही दोघंही रक्ताने माखलेले, तो सगळ्यांसाठी चहा करत होता. ती सकाळ खरी होती. मग हे काय?

४ डिसेंबर

ते दोन शब्द गेले. उद्दिष्ट आता 'प्रत्येक जखमी सैनिक' असं आहे, आणि लांबच्या चौकीसाठीही हेलिकॉप्टर पाठवायचंच, असा हुकूम निघाला. खाली सही नव्या सचिवांची, म्हणजे त्याचीच. पेपरात अग्रलेख: नव्या सचिवांचं धाडसी पाऊल. मास्तरांनी पेपर माझ्या हाती न देता घडी घालून ठेवला. मी आधीच वाचला होता.

दुपारी भिंगरीचा फोन आला. तिने आपणहून केलेला, किती महिन्यांनी.

"मावशी, आज सगळ्यात लांबच्या चौकीवर जाऊन आले. तास हुकला. कितीतरी हुकला."

"आणि माणूस?"

"टेबलावर आहे. तुझा तो डावखुरा विद्यार्थी शिवतोय. म्हणाला, वाचेल." मागे पात्यांचा आवाज विझत चालला होता. "तुला सांगावंसं वाटलं."

"बरं केलंस."

"पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. येईन बहुतेक." तो 'बहुतेक' मला ऐकू आला. असू दे. तेवढं माझ्या वाट्याचं आहे.

फोन ठेवला आणि बोट आपोआप त्याच्या नंबरवर गेलं. जन्मभर अशी बातमी मी आधी त्यालाच सांगत आले. अमुक वाचला रे, तमुक शुद्धीवर आला. नंबरकडे बघत बसले. मग फोन उपडा ठेवला, स्वयंपाकघरात गेले आणि मास्तरांना सांगितलं.